तार आणि बिनतार : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास



घर बांधतांना किंवा जुन्या घराची दुरुस्ती काढतांना हल्लीं एक नवाच प्रश्न कुटुंबापुढें येतो. नळ कोठून न्यावयाचे, दिवे कोठें लावावयाचे हें ठरत असतां वायरमन सहज विचारतो, "नेटची केबल भिंतींतून टाकूं, कीं वायफायवर भागवणार?" तरुण मंडळी हंसतात, कारण केबल हा शब्दच त्यांस जुनापुराणा वाटतो. वडील मंडळी खर्चाचा आंकडा ऐकून गप्प बसतात. भिंत बुजविली जाते, तिच्यावर रंग चढतो. मग एके दिवशीं आंतल्या खोलींत मुलीची परीक्षा चालू असतां पडद्यावरील चित्र थिजतें, निरीक्षकाचा आवाज तुटतो, पोरीच्या डोळ्यांस पाणी येतें, आणि ती बुजविलेली भिंत सर्वांस एकदम आठवते.

प्रश्न नवा दिसत असला तरी त्याची वंशावळ जुनी आहे. निरोप तारेनें धाडावा कीं तारेवांचून, या एका वादापायीं गेल्या सव्वाशें वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार उलटेपालटे झाले, सरकारांनीं परिषदा भरविल्या, कायदे केले. त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण तर आपल्या पुण्याच्या आसपासच घडलेलें आहे. आज त्या इतिहासाकडे थोडें पाहूं, आणि जातां जातां वायरमनाला काय सांगावयाचें याचाहि विचार करूं.

मान अर्थातच तारेचा पहिला. हिंदुस्थानांत विजेच्या तारेनें निरोप धाडण्याचा पहिला मोठा प्रयोग १८३९ सालीं कलकत्त्याजवळ डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनीं केला. हे गृहस्थ पेशानें वैद्य. पुढें लॉर्ड डलहौसीच्या पाठबळानें त्यांनीं १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तार चालूं केली, १८५४ सालीं ती आग्र्यास पोंचली, आणि लवकरच मुंबई व मद्रास हीं शहरेंहि या जाळ्यांत आलीं. ओशॉनेसींची एक युक्ति मला फार आवडते. विलायतेंतल्यासारखी बारीक तार न घेतां त्यांनीं येथें जाड लोखंडी सळई वापरली. त्यांचा हिशेब सरळ होता : या देशांत तारेवर माकडें उड्या मारणार, घारी-कावळ्यांचे थवे बसणार, वादळें होणार, बारीक तार तग कशी धरणार? तार ओढणाऱ्यानें आधीं ती कोठून जाणार, तिच्यावर कोण बसणार आणि तिला कोण कुरतडणार याचा विचार करावयाचा असतो, हा त्यांचा धडा आजहि खोटा ठरलेला नाहीं. माकडांची जागा घरोघरीं उंदरांनीं घेतली आहे इतकेंच.

१८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीच्या साहाय्यानें मुंबई आणि एडन यांमध्यें समुद्रतळाशीं केबल टाकली गेली, आणि मुंबईचा लंडनशीं समुद्री तारेनें संबंध जुळला. जें पत्र आगबोटीनें जावयास आठवडे लागत, त्याचा मजकूर आतां त्याच दिवशीं पोंचूं लागला. कापसाचे भाव, अफूचे भाव, युद्धाच्या वार्ता, सर्व कांहीं त्या एका तारेंतून वाहूं लागलें. या केबलांची मालकी पुढें ईस्टर्न टेलिग्राफ या कंपनीकडे एकवटली, आणि जवळजवळ एक पिढीभर जगाच्या बातमीची नाडी तिच्या हातीं राहिली.

या साम्राज्याला सुरुंग लागला तो एका प्रयोगशाळेंत. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यांनीं विद्युल्लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. १८९५ सालीं कलकत्त्यांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं त्यांच्याच योगानें, मध्यें भिंती असतां, दूरच्या खोलींतील घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. बोसांच्या लहरी फार लहान, कांहीं तर मिलिमीटरांत मोजण्याजोग्या. त्या काळीं त्यांचा व्यवहारांत उपयोग काय हें कोणास कळेना. आज घरांतील यंत्रें ज्या लहरींवर बोलतात त्या सेंटिमीटरांत मोजावयाच्या, म्हणजे बोसांच्या लहरींच्या निकटच्या भाऊबंदच आहेत. मार्कोनीनें मात्र लांबलचक लहरींचा मार्ग धरला, आणि १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेली खूण अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्यें ऐकली.

आतां तारवाल्यांच्या पोटांत गोळा उठला. यापुढील गोष्ट जरा विस्तारानें सांगतों, कारण आपल्या घरगुती प्रश्नाचा अर्धा जीव तींत आहे. बिनतारी निरोप कोणासहि ऐकूं जातो हा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता. मार्कोनीचें उत्तर असें कीं, माझीं यंत्रें विशिष्ट सुरांत लावलेलीं असतात, परक्याला त्यांत शिरकाव नाहीं. जून १९०३ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रा. फ्लेमिंग यांचें यावर जाहीर व्याख्यान होतें. दूर कॉर्नवॉलमधून मार्कोनी निरोप धाडणार आणि तो श्रोत्यांसमोर उतरून घेतला जाणार असा बेत होता. नियोजित वेळेच्या थोडें आधींच यंत्र टकटक करूं लागलें. सहायकानें अक्षरें जुळवून पाहिलीं, तों 'रॅट्स', म्हणजे 'उंदीर', हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. इंग्रजींत हा थट्टेचा उद्गारहि आहे. पाठोपाठ मार्कोनीची टर उडविणारे पद्य अवतरलें. हा प्रताप होता नेव्हिल मॅस्केलिन नांवाच्या जादुगाराचा. त्यानें जवळच एक साधें यंत्र मांडून या सुरक्षित म्हणविलेल्या यंत्रांत आपला आवाज घुसविला होता. फ्लेमिंग यांनीं वर्तमानपत्रांत संताप व्यक्त केला. मॅस्केलिननें तेथेंच उलट उत्तर दिलें कीं, होय, मींच तो, आणि लोकांस सत्य दाखविण्यासाठींच हें केलें. गंमत अशी कीं, याच मॅस्केलिनला मार्कोनीचे निरोप चोरून ऐकण्याच्या कामीं ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीनें पैसे दिलेले होते!

भिंतीला कान असतात असें आपण म्हणतों. तारेवर बोलतांना चोराला निदान तारेपर्यंत येऊन ती छेडावी लागते. लहरी मात्र स्वतःच भिंत ओलांडून त्याच्या दारीं जातात. घरगुती वायफायचीहि प्रथम हीच फजिती झाली. १९९७ च्या मूळ नियमावलींत जें कुलूप दिलें होतें, तें फोडण्याची रीत २००१ सालीं गणितज्ञांनीं छापून प्रसिद्ध केली. २००४ सालीं अधिक भक्कम कुलूप आलें, २०१८ सालीं त्याहून भक्कम. आजचीं कुलुपें चांगलीं आहेत. पण कुलूप चांगलें असून किल्ली उंबरठ्यावर ठेवणाऱ्याचें काय करावें? अनेक घरांत राउटरचा परवलीचा शब्द म्हणजे धाकट्या मुलाचें नांव आणि त्यापुढें एक-दोन-तीन.

आतां पुण्याकडे वळूं. १९२७ सालीं विलायतेशीं बिनतारी निरोपांची देवघेव करण्यासाठीं खडकी येथें प्रेषणकेंद्र आणि दौंड येथें ग्रहणकेंद्र सुरू झालें. ही मार्कोनीची 'बीम' पद्धति. आखूड लहरी चहूंकडे न उधळतां झोतासारख्या एकाच दिशेस सोडावयाच्या. समुद्रतळाशीं हजारों मैल केबल अंथरण्याच्या खर्चापुढें हा खर्च थोडा, त्यामुळें दरहि कमी. व्यापाऱ्यांनीं साहजिकच स्वस्त मार्ग धरला, आणि केबल कंपन्यांचा धंदा वर्षभरांत ओहोटीस लागला. बाजाराच्या न्यायानें त्या वेळींच केबलांचा अंत व्हावयाचा. परंतु साम्राज्य सरकारला चिंता पडली : बिनतारी स्वस्त खरी, पण ती शत्रूस ऐकूं जाते, आणि वातावरणाच्या लहरीप्रमाणें कधीं क्षीण होते, कधीं गडप होते. युद्धप्रसंगीं केबल हवीच. म्हणून १९२८ सालीं लंडनमध्यें परिषद भरली, आणि १९२९ सालीं केबल कंपन्या व मार्कोनीचा बिनतारी व्यवसाय एकाच संस्थेंत गुंफले गेले. १९३४ सालीं त्या संस्थेनें नांव घेतलें तें 'केबल अँड वायरलेस'. दोघांचें भांडण दोघांचें लग्न लावून मिटविलें, असेंच म्हणावयाचें!

आपल्याकडेहि दोन्ही कामें एका कंपनीकडे आलीं. १९४७ सालीं ती सरकारनें ताब्यांत घेतली व तिचें 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' हें खातें झालें. त्याच खात्यांतून १९८६ सालीं विदेश संचार निगम निघालें, आणि याच निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. खडकी-दौंडचा झोत आणि आपल्या बैठकींतला राउटर यांचें नातें असें सरळ वंशपरंपरेचें आहे.

घरांत बिनतारी यंत्र प्रथम आलें तें रेडिओच्या रूपानें. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र १९२७ सालींच सुरू झालें. मात्र त्या यंत्राला जितक्या तारा लागत तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाला लागत असतील. गच्चीवर दोन बांबूंमध्यें ताणलेली एरियल, खिडकींतून आंत येणारी तार, जमिनींत पुरलेली अर्थिंगची तार, आणि वीज नसेल तेथें बॅटरीच्या तारा. शिवाय परवाना! १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र परवान्यावांचून जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला. तारेसाठीं १८८५ चा कायदा आणि बिनतारीसाठीं १९३३ चा, या दोन कायद्यांच्या छायेंत आपला देश पुढें कितीतरी दशकें चालला. या दोहोंची जागा घेणारा नवा कायदा संसदेनें संमत केला तो २०२३ सालीं.

यापुढील प्रकरण हवाई बेटांतलें. तेथील विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर, मध्यें समुद्र. मुख्य गणकयंत्राशीं त्या जोडावयाच्या तर तार परवडेना. प्रा. नॉर्मन एब्रॅम्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं ती जोडणी बिनतारी केली व तिला 'अलोहा' हें नांव दिलें. सर्व बेटें एकाच लहरीवर बोलणार, मग गोंधळ कसा टळावा? मी जन्माचा शाळामास्तर असल्यामुळें मला याचें उत्तर वर्गाच्या भाषेंत सुचतें. वर्गांत प्रश्न विचारला. ज्याला उत्तर येईल त्यानें हात वर न करतां सरळ बोलावें. दोघे एकदम बोलले आणि कांहीं कळलें नाहीं, तर दोघांनींहि गप्प व्हावें, आणि प्रत्येकानें आपल्या मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावें. ही झाली अलोहा. पद्धत साधी, पण खर्चिक : हिशेबानें असें निघतें कीं, अशा वर्गांत फार तर १८ टक्के वेळ कामीं येतो, बाकीचा शांततेंत आणि गलक्यांत जातो.

अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील रॉबर्ट मेटकाफ यांनीं एब्रॅम्सन यांचा निबंध वाचला आणि त्यांत एक शिस्त घातली : बोलण्यापूर्वीं ऐका, कोणी बोलत असेल तर थांबा, बोलत असतांहि ऐका, टक्कर होतांच गप्प बसा. मात्र त्यांनीं हा वर्ग आकाशांत न भरवितां एका जाड केबलीच्या आंत भरविला. २२ मे १९७३ रोजींच्या टिपणांत त्यांनीं या पद्धतीचें नांव 'ईथरनेट' असें लिहिलें. ईथर म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारें सर्वव्यापी द्रव्य. तें अस्तित्वांत नाहीं हें विज्ञानानें कधींच मान्य केलें होतें. अशा रीतीनें आकाशांत जन्मलेली कल्पना तारेंत शिरली, आणि तारेनें नांव घेतलें तें आकाशाचें. पुढें तीच शिस्त थोडा फरक करून पुन्हा आकाशांत गेली, आणि तिला आपण वायफाय म्हणतों. ज्यांस तार आणि बिनतार हीं सवतीसवतींसारखीं वाटतात, त्यांनीं हें कुळ ध्यानांत घ्यावें.

वायफायला जागा मिळाली तीहि उकिरड्याची. १९८५ सालीं अमेरिकन सरकारनें कांहीं लहरीपट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीसारखीं यंत्रें तेथें आधींच गोंगाट करीत असल्यामुळें त्यांस कोणी विचारीत नव्हतें. १९९७ सालीं पहिली नियमावली निघाली, १९९९ सालीं 'वायफाय' हें नांव ठरलें. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचे प्रतिध्वनि निवारण्याची एक उत्तम युक्ति ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं काढली. त्यांचा मूळ शोध आकाशस्थ कृष्णविवरांचे क्षीण संदेश पकडण्याचा होता. भारतांत हा पट्टा २००५ सालीं परवानामुक्त झाला. ज्या देशांत बिनतारी यंत्र बाळगणें हाच गुन्हा होता, तेथें आतां प्रत्येक खिशांत एक प्रेषणकेंद्र आहे.

आतां वायरमन. तारेंत पुढें मोठी सुधारणा झाली. १९९० नंतर 'स्विच' नांवाची पेटी आली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला मास्तरांपर्यंत स्वतंत्र नळीच मिळाली, गलका संपला. शिवाय केबलींतील तारा जोडीजोडीनें पिळलेल्या असतात. ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ सालची. बाहेरील उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि त्यामुळें वजा होऊन जातो. वायफाय मात्र अजून वर्गच आहे. एका राउटरवरचीं यंत्रें बव्हंशीं पाळीपाळीनेंच बोलतात, आणि शेजाऱ्यांचीं यंत्रेंहि त्याच वर्गांत बसलेलीं असतात. जुन्या पट्ट्यांत एकमेकांस न घासणारे मार्ग तीनच. एका इमारतींत तीस बिऱ्हाडें असलीं तर हिशेब श्रोत्यांनींच करावा. खोक्यावर छापलेला वेगाचा आंकडा जवळून, मोकळ्या जागेंत आणि एकट्याला मिळणारा असतो. नवा पट्टा अधिक मोकळा व वेगवान, पण त्याच्या लहरी भिंतींत लवकर विरतात. आणि जुन्या वाड्याची हातभर जाडीची भिंत किंवा नव्या घराची लोखंडी सळयांची भिंत, दोन्ही सारख्याच बेरड.

परीक्षेच्या वेळीं चित्र थिजतें तें बहुधा वेग कमी पडल्यामुळें नव्हे, तर पाळी लांबल्यामुळें. बाहेरच्या खोलींत कोणी चित्रपट उतरवीत असतो, शेजारीं कोणी खेळत असतो, आणि मुलीचा शब्द रांगेंत ताटकळतो. २०२० सालीं शाळा घरांत आल्या तेव्हां हें असंख्य कुटुंबांनीं अनुभवलें. अशा वेळीं दुकानदार मध्यें एक 'रिपीटर' बसविण्यास सांगतो. साधा रिपीटर प्रत्येक वाक्य स्वतः ऐकून त्याच लहरीवर पुन्हा बोलतो, म्हणजे वर्गाचा वेळ दुप्पट खर्च होतो. दुसरें केंद्र बसवावयाचें तर त्याच्यापर्यंत केबल नेऊन बसवावें, तरच तें पैसे वसूल करतें.

माझें मत असें. जें यंत्र जागचें हलत नाहीं, म्हणजे अभ्यासाचें टेबल, दूरदर्शनसंच, घरून नोकरी करणाऱ्याची बैठक, त्याला तार द्यावी. जें हातांत फिरतें त्याला लहरी पुरेत. स्वयंपाकघरांत मोबाइलला तार बांधून फिरणारी गृहिणी मला तरी कल्पितां येत नाहीं. भाड्याच्या घरांत भिंत फोडतां येत नाहीं, तेथें कडेकडेनें पट्टींतून एकच केबल अभ्यासाच्या जागीं नेली तरी बरेंच काम भागतें. आणि बाहेरून येणारी जोडणीच मंद असेल तर या सर्व खटाटोपास अर्थ नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

केबल घेतांना ती शुद्ध तांब्याची आहे ना हें विचारावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला स्वस्त माल बाजारांत पुष्कळ आहे. घरांतील लांबीची चिंता नको, शंभर मीटरपर्यंत ती निभावते. विजेच्या तारांच्या पाइपांत ती घालूं नये. एका इमारतींतून दुसरींत नेणें असेल तर तांब्याऐवजीं कांचेची, म्हणजे फायबरचीच न्यावी, कारण पावसाळ्यांतील वीज तांब्याच्या वाटेनें घरांत शिरते आणि यंत्रें जाळते. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहींतर दिवे गेले कीं तार आणि बिनतार दोन्ही एकदमच मुकीं होतात. आणि आज खर्च झेपत नसेल, तर भिंत बुजविण्यापूर्वीं प्रत्येक खोलीपर्यंत निदान एक रिकामा पाइप टाकून घ्यावा, व त्यांत नायलॉनची दोरी ओवून तिचीं दोन्ही टोकें बाहेर ठेवावीं, म्हणजे पुढें केव्हांहि भिंत न फोडतां त्या दोरीला बांधून केबल ओढून घेतां येते.